पाळणा बारशाला गेला आहे

केसरबाईच्या पोटात दुखायला लागलं ते ग्रामसभेच्या दिवशी. ते दुखणं ओवा चावून किंवा गेवराईच्या डॉक्टरची सुई टोचून जाणारं नव्हतं. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही तेव्हा जे दुखतं ना, ते होतं ते. उमापुरात त्याचं औषध अजून कुठल्याच दुकानात मिळत नाही.

झालं असं. गावाच्या वेशीपाशी निजामाच्या काळातलं करोडगिरीचं नाकं आहे, म्हणजे जकातीची जुनी दगडी इमारत. तिथं पुढं सोसायटीचं खत राहिलं, मग वटवाघळं राहिली. ती इमारत झाडूनपुसून तिथं गावाचं संग्रहालय करायचं खूळ निघालं ते केसरबाईच्याच घरातून. तिची सून सायली संभाजीनगरला संग्रहालयांचंच शिक्षण घेऊन आलेली. रुखवतात भांड्यांच्या जागी पुस्तकांची पेटी आणली म्हणून केसरबाईनं लग्नातच नाक मुरडलं होतं. पण सरपंच गहिनीनाथांना पोरीचं म्हणणं पटलं, गावानं श्रमदान केलं, आणि घराघरांतून वस्तू यायला लागल्या. कुणी मोट दिली, कुणी कंदील, कुणी धान्य मापायची पायली. केसरबाईनं दिला पाटा-वरवंटा.

आता पाटा-वरवंटा म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसू नका. तो काही असातसा दगड नव्हता. केसरबाईच्या सासूच्या सासूचा तो, काळाभोर, आणि वाटून वाटून मधे ताटलीसारखा खोलगट झालेला. गावात लग्न असो की तेरावं, पंगतीच्या येसर आमटीचं वाटण व्हायचं ते याच पाट्यावर. बायका खोबरं, तीळ, लसूण पदरात बांधून केसरबाईच्या अंगणात यायच्या, वाटून घेऊन जायच्या. पाटा मात्र कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. "पाटा देत नसत्यात कुणाला, घरची लक्ष्मी हाय ती," असं केसरबाई सांगायची. आणि वरवंटा? एक वेळ नवरा उसना दिला असता तिनं, वरवंटा दिला नसता. संग्रहालयात दिला तो सुनेच्या शब्दाखातर, आणि मनात एक हिशेब धरून.

हिशेब असा की इमारतीच्या मधोमध दगडी चौथरा होता. जकातीचा काटा पूर्वी त्यावर उभा असायचा. सायलीनं सांगून ठेवलं होतं की बाकी वस्तू भिंतीकडेला, चौथऱ्यावर एकच. मग काय! सून आपली, पाटा आपला, चौथरा दुसऱ्या कुणाचा असणार? केसरबाईनं गल्लीत सांगूनही टाकलं. उद्घाटनाला नेसायचं इरकल कपाटातून काढून उन्हात घातलं.

ग्रामसभेत सायली उभी राहिली. पोट दिसायला लागलेलं, तरी आवाज खणखणीत. म्हणाली, "चौथऱ्यावर काय ठेवायचं ते मी नाही ठरवणार, तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, अशी कोणती वस्तू आहे जी तुमच्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी येऊन गेली?"

केसरबाईनं पदर सावरला. पाट्याचं नाव आता येईल, मग येईल.

मागून आवाज आला, "हमीदाबीचा पाळणा!"

आणि हात वर व्हायला लागले. म्हातारा धुळाजी तर काठी टेकत उभाच राहिला, "मी बी त्याच्यातच निजलतो की!" सगळी सभा हसली. केसरबाईनं वळून बघितलं तर तिच्या शेजारी बसलेल्या राधाकिशनरावांनीही हात वर केलेला. सख्ख्या नवऱ्यानं! तिनं कोपर मारलं तसा त्यांनी हात खाली घेतला, पण तोवर मोजून झालं होतं.

"आत्याबाई, तुमच्या पाट्याला दाराशी छान उजेड मिळेल," सायली नंतर म्हणाली. उजेड म्हणे! उजेड काय पाटा खातो?

हमीदाबी म्हणजे युसूफ सुताराची बायको. युसूफ गेला, पोरगा रईस बीडला गॅरेज चालवतो, ही एकटीच मशिदीमागच्या घरात राहते. पाळणा तिच्या आजेसासऱ्यानं घडवलेला, शिसवीचा, खरादावर फिरवलेल्या दांड्यांचा, चारी कोपऱ्यांवर रंगवलेले पोपट. बारसं असो की अकीका, ज्याच्या घरी लेकरू झालं तो हमीदाबीच्या दारात जायचा आणि पाळणा घेऊन यायचा. रीत एकच होती, परत देताना पाळणा रिकामा द्यायचा नाही. मूठभर ज्वारी, गुळाचा खडा, खण, ज्याला जे जमेल ते आत ठेवून द्यायचं. आणि रिकामा पाळणा हलवायचा तर मुळीच नाही. म्हणून तर बारशाला बाळाच्या आधी कुंची घातलेला वरवंटा निजवतात, मग बाळ.

केसरबाई आणि हमीदा एकाच वर्षी उमापुरात नांदायला आल्या. एक बागायतदाराची सून, एक सुताराची. विहिरीवर दोघींच्या घागरी शेजारी शेजारी असायच्या, आणि मैत्री म्हणाल तर होतीच. पण मैत्रीच्या आत जे खुपत असतं ते शत्रूचंसुद्धा खुपत नाही. एवढ्या जमिनीची मालकीण केसरबाई, आणि बंकट झाला तेव्हा पाळण्यासाठी तिच्या घरचा माणूस सुताराच्या दारात उभा! बरं, बंकटही असा नग की आईच्या मांडीवर कोकलायचा आणि हमीदानं येऊन पाळण्याला नुसता हात लावला की गप. "याला माझा हात कळतो बघ," हमीदा हसून म्हणायची. ती हसायची तेव्हा केसरबाईही हसायची. आत काय व्हायचं ते तिचं तिला माहीत. आज तोच बंकट, सायलीचा नवरा, आडतीवर बसतो, मिशा ठेवतो, आणि रस्त्यात हमीदाबी दिसली की वाकून "मावशी" म्हणतो.

म्हणजे हे आजचं दुखणं नव्हतंच. जुनंच होतं, चौथऱ्यानं त्याला तोंड फुटलं.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. इरकल नेसून केसरबाई आपल्या पाट्यापाशी उभी राहिली. कुणी विचारलं तर सांगायला तिनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, दगड कुठला, सासू कशी, आमटी कुणाकुणाच्या लग्नातली. कुणी विचारलंच नाही. लोक दारातून आत यायचे ते सरळ पाळण्याकडं. मिशाळ गडी दांडीवरून हात फिरवत होते. एक बाई रडायलाच लागली, तिची आई तिला याच पाळण्यात घालून गात असे म्हणे. हमीदाबी बाजूला स्टुलावर बसली होती, आणि येणारा जाणारा तिच्या पाया पडत होता. संग्रहालय झालं का देऊळ, केसरबाईला कळेना. आणि तेवढ्यात तिची नजर खाली गेली. आत चप्पल न्यायची नाही असा नियम होता, बाहेर ठेवली तर चोरीला जाईल ही भीती, म्हणून त्रिंबक मास्तरांनी आपल्या कोल्हापुरी चपला दाराआत आडोशाला ठेवल्या होत्या. कुठं? पाट्यावर!

केसरबाईनं त्या चपला उचलल्या आणि अशा भिरकावल्या की एक वेशीत पडली आणि दुसरी उकिरड्यात. मास्तर अनवाणी शोधत फिरले.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीवर गेली. दळण टाकायला चार बायका बसलेल्या. बोलणं अर्थात पाळण्याचंच. शाळेची पोरं येऊन कशी रांगेनं पाळणा हलवून गेली, ते कौतुक चाललेलं. केसरबाईनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हलवत्यात खरं. पर रिकामा पाळणा हलवू न्हाई म्हणत्यात बाई. मी न्हाई म्हणत, जुनी मान्सं म्हणायची. गावात कुणाची पोटुशी असंल, कुणाची गाभण असंल... जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय!"

एवढंच. 'आपल्याला काय करायचंय' म्हणून तिनं डबा उचलला आणि घरी आली. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

गिरणीवर टाकलेलं दळण बारीक होऊनच निघतं. दोन दिवसांत गोष्ट गल्लीत आली ती अशी, की पाळणा आपोआप हलतो. मग धुळाजीच्या शेळ्या गाभडल्या, आणि त्याचा नातू आदल्याच दिवशी पाळणा हलवून आला होता. झालं! एका बाईला रस्त्यानं जाताना आतून रडण्याचा आवाज आला. शाळेनं पोरांना आणणं बंद केलं. नव्या सुना त्या रस्त्यानं जाईनात. गोष्ट जिथं जाईल तिथं तिला पाय फुटत होते, आणि कुणाच्याही तोंडी केसरबाईचं नाव नव्हतं. अफवेचं हे एक बरं असतं, तिला आई नसते.

शेवटी गहिनीनाथ संग्रहालयात सायलीकडं आले. मान खाली घालून म्हणाले, "पोरी, तुझं सगळं बराबर हाय. पर लोकं लई घाबरल्यात. काही दिवस पाळणा बाजूला ठेवू."

"काका, लाकूड आहे ते," सायली म्हणाली. "आणि बाजूला ठेवला तर गावानंच म्हटल्यासारखं होईल की त्यात खोट आहे."

ती अजून भांडली असती. पण दारात हमीदाबी येऊन उभी राहिली होती, बरोबर हातगाडी घेतलेला एक गडी. "नको बाई, भांडू नको," ती म्हणाली. "ज्याच्याकडं बघून लोकं थुथू करायला लागल्यात, ते मी चौथऱ्यावर कावून ठेवू? माझ्या घरी नेते."

तिनं स्वतः पाळणा पुसला, चादरीत गुंडाळला. केसरबाई दाराशी, आपल्या पाट्यापाशीच उभी होती. नुकतंच काहीतरी विचारायला आल्यासारखा चेहरा करून. हमीदाबी बाहेर पडताना तिच्यापाशी थांबली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"केसर, जागा झाली बघ तुझ्या पाट्याला."

आणि ती गेली. हातगाडी रिकामा पाळणा घेऊन मशिदीमागं वळली. परतीची रीत पाळायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चौथरा मोकळा ठेवता येईना, म्हणून सायलीनं दोन गड्यांकडून पाटा-वरवंटा मधोमध ठेवून घेतला. सासूकडं तिनं वळूनही बघितलं नाही. केसरबाई जिंकली! ती रोज दुपारी जाऊन तिथं स्टुलावर बसायला लागली. अगदी हमीदा बसायची तिथंच. पण बघायला कोण? पोरं दारातून डोकवायची, "पाळणा कुठंय?" विचारायची आणि पळायची. परगावचा एखादा पाहुणा यायचा, पाट्याकडं एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "आमच्या घरी पण होता असा, पायरीला लावलाय." पायरीला! चौथरा मिळाला, पण त्याच्याकडं बघायला कुणी नाही म्हटल्यावर तो काय चाटायचा?

आणि मग एके दिवशी गिरणीवर एका बाईनं तिला बाजूला घेतलं. बिचारीच्या मनात मायाच होती. "बंकटची आई, सायलीला जपा हं. आमी कितीदा पायलं, ती तर दिस-दिस त्या पाळण्यापाशीच बसायची. पोटुशी बाई."

केसरबाईच्या हातातून डबा सुटला. ज्वारी सगळी भुईवर.

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं हो! दुसऱ्याच्या अंगणात फेकायला उचललेला निखारा, तो आधी आपल्याच तळहातावर असतो एवढं साधं या बाईला कळलं नाही. गोष्ट खोटी आहे हे गावात एकट्या तिलाच पक्कं माहीत होतं. पण खोटंसुद्धा इतक्या तोंडांतून ऐकलं की बोलणाऱ्यालाच खरं वाटायला लागतं. ती घरी आली ती मीठ-मोहऱ्या घेऊन सुनेवरून ओवाळायला लागली.

"आत्याबाई, कशाची दृष्ट काढताय?" सायलीनं विचारलं.

केसरबाईनं मूठ चुलीत रिकामी केली. मोहऱ्या चुलीत तडतडल्या आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. धुरानं, असं ती म्हणाली.

सायलीला आई नव्हती, त्यामुळं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. ते दिवस केसरबाईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. पोरीला ठेच लागली तरी हिचा जीव खाली-वर. कळा सुरू झाल्या, बीडला दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या बाकड्यावर बसून केसरबाईनं उमापूरच्या साऱ्या देवांना आणि पीरालाही नवस बोलून ठेवले. मुलगी झाली. गुटगुटीत, टाहो फोडणारी, केसरबाईसारखंच नाक. राधाकिशनराव म्हणाले, "मुरडायला बी येईल तिला आजीवाणी."

संकट टळलं असं वाटलं. कसलं टळतंय! बारशाची गोष्ट निघाली तशी सायली म्हणाली, "हमीदामावशींचा पाळणा आणायचा."

"अगं, बंकट नवा आणतोय की बीडहून, स्टीलचा, आवाजसुद्धा करत न्हाई."

"या गावातलं प्रत्येक लेकरू त्या पाळण्यात निजलं. माझ्याच मुलीनं का नाही? माझ्या मुलीला त्यात घातलं नाही तर मग गावानं काय समजायचं? त्या पाळण्यात नसेल तर मला बारसंच नको." एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून निजली. ती रडत होती हे केसरबाईला पाठीवरून कळलं. सगळं माहीत होतं तिला. पहिल्यापासून. सुना काय आंधळ्या असतात?

ओसरीवर राधाकिशनराव अडकित्त्यानं सुपारी फोडत बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "तू सोडलेलं मांजर, आता तुझ्याच दुधात तोंड घालायला आलंय. धर त्याला तूच."

"तुमी गप ऱ्हावा! हात वर करायला बरं सुचलं व्हतं त्या दिवशी!"

"झोपलतो मी त्याच्यात. खोटं कावून बोलू?"

केसरबाई हमीदाबीच्या घरी गेली. किती वर्षांनी त्या दारात गेली देव जाणे. पाळणा कोपऱ्यात होता, चादर पांघरलेला. हमीदाबीनं बसायला पाट दिला, पाणी दिलं, मुलीचं कौतुक विचारलं. पाळण्याचं नाव काढताच मात्र म्हणाली, "न्हाई देणार."

केसरबाईनं हे धरलंच नव्हतं.

"माझ्या पाळण्याला बोल लागलाय, केसर. उद्या तुझ्या नातीला साधा ठसका लागला तरी आख्खं गाव माझ्याकडं बघंल. आधी माझ्या दाराला रोज माणूस असायचं, हिचं लेकरू, तिचं लेकरू. आता मीठ मागायला बी कुणी येत न्हाई. रईस म्हणतो विकून टाक, हाटेलवाले घेत्यात शोभेला. त्यात माती भरून झाडं लावत्यात म्हणं."

बाहेर कोंबड्या उकरत होत्या.

"मी काय केलं म्हंजे देशील?" केसरबाईनं विचारलं.

"मला कशाला इचारती? जिथं बोललीस तिथं इचार."

म्हणजे हिलाही माहीत होतं! केसरबाई उठली. घरी नाही गेली, थेट संग्रहालयात गेली. चौथऱ्यावरचा वरवंटा उचलून कडेवर घेतला, लेकरू घेतात तसा, आणि भर बाजारपेठेतून गिरणीकडं चालायला लागली. "काय बंकटची आई, वाटण काढलं का काय?" कुणीतरी ओरडलं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

गिरणी भरलेली होती. केसरबाईनं एक दम घेतला आणि बोलून टाकलं सगळं. कुणीच मान वळवली नाही. पट्टा फडफडत होता, जातं घरघरत होतं, कुणाला ऐकूच आलं नव्हतं! एवढा जीव गोळा करून बोललेलं पिठात गेलं. तिला वाटलं, झालं की बोलून, आता निघावं. देवानं ऐकलं असेल. पण कडेवरचा दगड जड झाला होता आणि हमीदाचं ते कोपऱ्यातलं लाकूड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ती गिरणीवाल्याला म्हणाली, "बाबा, बंद कर जरा."

गिरणी थांबली. सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. ही शांतता त्या गिरणीत कधी कुणी ऐकली नव्हती.

"रिकाम्या पाळण्याची गोष्ट मी काढली," ती मोठ्यानं म्हणाली. "इथंच, दळणाचा डबा खाली ठेवून. पाळण्यात काही खोट न्हाई. खोट माझ्यात हाय. हमीदाचा पाळणा मधी आन् माझा पाटा दाराशी, मला बघवलं न्हाई. लई जळले मी. आज न्हाई, बंकट पाळण्यात व्हता तवापासून जळते."

एकीनं विचारलं, "मग शेळ्या कशानं गाभडल्या?"

धुळाजी दळणाच्या रांगेतच होता. "पेंड बुरसली व्हती," तो म्हणाला. "मी तवाच सांगत व्हतो. माझं कुणी ऐकतं का?"

हशा झाला. पण एक म्हातारी मान हलवत म्हणाली, "ते खरं गं बाई, पर रिकामा हलला तर हललाच ना. बोलून काय हुतंय?"

"म्हणून तर हे आणलंय," केसरबाई म्हणाली आणि वरवंटा पुढं केला.

बायका तिच्यामागून निघाल्या. तमाशा बघायला निघाल्या म्हणा, पण निघाल्या. हमीदाबीच्या दारात एवढी माणसं बघून तीच घाबरली. गिरणीवरची गोष्ट कानावर पडताच सायलीनं घरून कुंची पाठवली होती, नातीचीच. केसरबाईनं ती वरवंट्याला घातली, चादर बाजूला केली, वरवंटा पाळण्यात निजवला आणि सगळ्यांसमोर दोरी ओढली. पोपट हलले.

"आता रिकामा न्हाई," ती म्हणाली. "आता दे."

हमीदाबीनं पाळण्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिच्या डोळ्यांत ते जुनं हसू आलं, ज्यानं केसरबाईचं आयुष्यभर पित्त खवळलं होतं.

"देते. पर आता हा वरवंटा पाळण्यातनं निघायचा न्हाई. लेकरू असंल तवा उशाशी, नसंल तवा आत. कायमचा. रिकामा ठेवू न्हाई, तूच म्हणलीस ना?"

वरवंटा! संग्रहालयाआधी कधी उंबऱ्याबाहेर न गेलेला. त्याच्याविना पाटा म्हणजे पायरीलाच लावायच्या लायकीचा. सगळ्या बायका बघत होत्या. सासू आठवली, सासूची सासू आठवली, हातांवरचे घट्टे आठवले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आणि लगेच बजावलं, "पर नीट ठेव. पाडलास तर बघ!"

बारसं झालं. आधी वरवंटा निजला, मग नात. ती केसरबाईच्या हातात होती तोवर कोकलत होती. पाळण्यात ठेवली, हमीदाबीनं येऊन नुसता हात लावला, आणि गप. "हिलाबी कळतो बघ माझा हात," हमीदाबी म्हणाली. केसरबाई हसली. आत काय झालं ते विचारू नका. असली दुखणी बरी होत नसतात, माणूस त्यांच्यासकट पेढे वाटायला शिकतो एवढंच.

पाळणा परत संग्रहालयात आला, चौथऱ्यावर, आत वरवंटा. पाटा परत दाराशी गेला. सायलीनं मात्र एक नवी रीत घातली. पाळणा तिथंच अडकून राहणार नाही, गावात बारसं असेल तेव्हा जाईल, आणि रीतीप्रमाणं भरून परत येईल. पहिल्यांदा तो गेला धुळाजीच्या घरी. मोकळ्या चौथऱ्यावर सायलीनं शाळेतली जुनी पाटी ठेवली आणि खडूनं लिहिलं, 'पाळणा बारशाला गेला आहे.' लोक ती पाटी वाचायलासुद्धा यायला लागले. कुणाकडं, मुलगा की मुलगी, विचारायचे, आणि पाळण्याच्या गप्पा तिथंच उभ्यानं व्हायच्या.

केसरबाईनं तीन दिवस ते बघितलं. चौथ्या दिवशी सुनेपुढं खडू धरला.

"खाली अजून एक वळ लिही."

"काय लिहू, आत्याबाई?"

"लिही. 'वरवंटा बी गेलाय.'"